बिनकांद्याच्या घरातला कांदा

चौगुलेमामांनी ओळीनं पाच वेळा ‘नाही’ लिहिलं आणि सहाव्या ‘नाही’चं पहिलं अक्षर उमटायच्या आत मी त्यांचं मनगट धरलं.

“काय गं पोरी?” मामांनी चष्म्यावरून बघितलं. “शाई सांडंल की.”

“बॉलपेन आहे, मामा. सहावा प्रश्न जरा मोठ्यानं वाचा ना.”

“वाचायचा काय त्यात? तीस वर्षं झाली, पाठ हाय मला. बीपी? नाही. शुगर? नाही. दमा, क्षय, हृदयविकार? नाही, नाही, नाही. पंचवीस वर्षांच्या पोरीला काय धाड भरलीय?”

“तरी वाचा.”

मामांनी सुस्कारा सोडला, बोट ओळीवर ठेवलं आणि देवळातल्या पाटीवरची नावं वाचावीत तसं वाचलं, “मेंदूचे अगर मज्जासंस्थेचे विकार, पक्षाघात, फिट येणे...”

स्वयंपाकघरात उलथनं पडलं. पाठोपाठ आईच बाहेर आली, दोन्ही हातांत पोह्यांच्या बशा घेऊन. “दादा, निवतायत. आधी खाऊन घ्या. कागद कुठं पळून जातोय?”

आण्णा खिडकीशी पेपर वाचत होते. गेली पाच मिनिटं त्यांनी पान उलटलं नव्हतं.

कागद पळत नव्हता, तारीख पळत होती. आण्णा पंपाच्या कारखान्यात होते आणि कारखान्यानं कामगारांचा, त्यांच्या बायकामुलांचा आरोग्यविमा उतरवलेला होता. पण मुलं त्यात पंचविशीपर्यंतच. येत्या शनिवारी मला पंचविसावं पूर्ण होत होतं आणि तसं पत्र कारखान्यातनं घरी आलं होतं : आपल्या कन्येचे नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून एवढं एकच पत्र मला त्या वर्षी आलं. त्यातच खाली बारीक अक्षरात एक सोय होती. नाव कमी व्हायच्या आत त्याच कंपनीची स्वतंत्र पॉलिसी घेतली, तर मागची वर्षं धरली जातील. जुन्या दुखण्याचा खर्च मिळायला वेगळी काही वर्षं थांबावं लागणार नाही. अटी दोनच. दुखणं असेल ते लिहायचं, आणि अर्जावर मूळ सभासदाची, म्हणजे आण्णांची, सही घेऊन कारखान्याचा शिक्का मारून आणायचा.

आता चौगुलेमामा कोण, ते सांगायला हवं. नेमगोंडा चौगुले आईच्या माहेरगावचे, म्हणून मामा. विम्याचे एजंट. पण त्यांच्या थैलीला दोन कप्पे होते. एकात विम्याचे फॉर्म आणि दुसऱ्यात लग्नाची स्थळं. कुणाचं वय काय, पगार काय, कुणाचा बाप कशानं गेला, हे विम्याच्या निमित्तानं त्यांना आपोआपच कळायचं. मग ते वाया कशाला घालवायचं? मिरजेपासून निपाणीपर्यंतच्या आमच्या जैन घरांमधली निम्मी लग्नं मामांच्या पेनातनं उतरलेली. त्या रविवारीही ते दोन कामांना आले होते. माझा फॉर्म भरायचा होता, आणि जयसिंगपूरच्या दानोळ्यांचा निरोप होता : मुलगी पसंत आहे, पुढच्या रविवारी बोलणी करू.

म्हणजे जे मामांपासून दहा वर्षं लपवलं, ते नेमकं मामांच्याच हातानं लिहून घ्यायचं होतं.

मला पंधराव्या वर्षी पहिली फिट आली. दहावीच्या सराव परीक्षेच्या आधी, अंगणात, दोरीवरचे कपडे काढताना. आमची मिरज डॉक्टरांचं गाव. अर्धा कर्नाटक गाडीतनं उतरून स्टेशनवर पत्ते विचारत असतो. आणि आम्ही मिरजेत राहून डॉक्टरसाठी बेळगावला जायचो. अख्ख्या गावात असं आमचं एकच घर असेल. का, तर इथं प्रत्येक दवाखान्यात कुणी ना कुणी ओळखीचं. बेळगावला जाऊनही आण्णांचं समाधान होईना. पहिल्या दिवशी केसपेपरवर त्यांनी माझं नाव सांगितलं, ‘त्रिशला पाटील’. का तर पाटील लिहिलं की माणूस गर्दीत मिसळतो. तेव्हापासून मिरजेत मी मगदूम आणि बेळगावात पाटील. गोळ्याही बेळगावहूनच यायच्या, चिवड्याच्या पुड्यात घालून. विम्यातनं एक रुपयाही कधी घेतला नाही, कारण कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसात बिल गेलं की चहाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शॉपला कळलं असतं.

आणि एक कांदा होता.

आमच्या घरात आईच्या आजेसासूच्या काळापासून कांदा नाही. चातुर्मासात नाही आणि इतर वेळीही नाही. पण फिट आली की नाकाशी कांदा फोडून धरावा, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून शिलाई मशीनच्या खालच्या खणात, दोऱ्याच्या रिळांमागं, कापडात गुंडाळलेला एक कांदा कायम असायचा. कोंब फुटला की आई तो पदराखाली धरून लांब नेऊन टाकायची आणि दुसरा आणायची, तोही आपल्या गल्लीतल्या नाही, स्टेशनकडच्या भाजीवालीकडून. चार वर्षांपूर्वी मामा काडेपेटी शोधायला म्हणून तो खण उघडून बसले, आणि महिन्याभरात बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, बातमी पोचली : मगदुमांच्यात चोरून कांदा चालतो. पूजेच्या वेळी बायका आईपासून हातभर लांब बसायला लागल्या. एकीनं विचारलंच, “सुगंधाक्का, भजी करता का नुसताच खाता?” आईनं मान खाली घातली. मी म्हटलं, सांग ना खरं. तर म्हणाली, “कांद्याचा डाग धुऊन निघतो. दुसरा निघत नाही.”

मी माणसांचे हिशेब ठेवते. सवयच आहे. त्या बाईचा मी अजून ठेवलाय.

तर पोहे खाऊन झाले. मी फॉर्म मामांसमोरून उचलून माझ्या पर्सच्या तळाशी घातला. “मी सावकाश भरते. शुक्रवारी न्या.”

“बघ बाई. शनिवार शेवटचा हाय. आणि दाजी,” मामा आण्णांकडं वळले, “खरं सांगू का, या फॉर्मचीही गरज नव्हती. दानोळ्यांचा मुलगा साताऱ्याला चांगल्या कंपनीत हाय. लग्न झालं की बायकोचं नाव तिथल्या विम्यात आपोआप लागतंय.”

“तेच मी म्हणते,” आई म्हणाली.

मामा गेले. फटफटीचा आवाज वळणापलीकडं गेला. मग आईनं तोंड सोडलं. “मनगट काय धरतीस गं? त्यांना संशय यायला काय राहिलं?”

“संशय नाही, मला खात्री द्यायची होती.”

“अगं, तीन वर्षांत एकदा तरी आली का तुला? मग ‘आहे’ कशाला लिहायचं?”

“गोळ्या खाते म्हणून आली नाही.”

“लग्न झालं की त्याच्या कंपनीत–”

“म्हणजे आण्णांच्या यादीत वजा आणि दानोळ्यांच्या यादीत जमा. मध्ये मी कुठंच नाही. आणि मधले सहा महिने? फिटला सांगू का, बाई, मुहूर्तापर्यंत थांब?”

आई रागानं बशा घेऊन आत गेली. मी आण्णांसमोर जाऊन बसले. आण्णा कारखान्यात कास्टिंग तपासायचे. ओतीव लोखंडात कधी हवेचं भोक राहतं. कामगार त्यात पुट्टी भरून, घासून, रंग मारून माल पुढं ढकलतात. आण्णा हातोडीनं वाजवून आवाजावरनं ओळखायचे. ‘मगदूमसाहेबांपुढं पुट्टी चालत नाही’ ही त्यांची कीर्ती होती.

“आण्णा, पुट्टी भरलेलं कास्टिंग पास करता तुम्ही?”

त्यांनी पेपरची घडी घातली. “कास्टिंगला सासरी जायचं नसतं, त्रिशला.”

एवढं बोलून ते उठले. दारात थांबले. “त्या कागदावर माझी सही होणार नाही. शिक्का मारणारा देसाई माझ्या समोरच्या टेबलावर जेवतो.”

माझ्या हट्टाला कारण होतं, आणि ते मी घरात सांगितलं नव्हतं. मी मिरजेतल्याच एका दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर कामाला होते. (त्या दवाखान्यानं मला स्वतःला विमा दिलेला नव्हता; हलवाई आपला पेढा खात नाही म्हणतात, तसं.) पेशंट दाखल झाला की त्याचे कागद कंपनीला पाठवायचे, मंजुरी आली की नातेवाइकांना सांगायची. आणि नामंजुरी आली तरी आपणच सांगायची. त्याच वर्षी एक किराणावाला आला होता, पायाला जखम चिघळलेली. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, आठ वर्षांपासून मधुमेह. कंपनीनं त्याचा जुना फॉर्म काढला. त्यावर ‘शुगर? नाही.’ तासाभरात नामंजूर. त्याची मुलगी माझ्या काचेपलीकडं उभी होती, माझ्याच वयाची. तिनं मला एकच विचारलं, “ताई, हे ‘नाही’ कुणी लिहिलं? बाबांना तर लिहिताच येत नाही.” मी फॉर्म उलटून बघितला. खाली एजंटचा शिक्का होता. तो मी वाचला आणि फाइल मिटली.

मंगळवारी मी रजा टाकून एकटी बेळगावला गेले. तोवर कधी एकटी गेले नव्हते. आई कायम शेजारी, पिशवीत कांदा. डॉक्टर कित्तूर वयस्कर, मराठी बोलताना मध्येच कानडी हेल काढायचे.

“या पाटीलबाई. आज आई नाही?”

“डॉक्टर, लग्न ठरतंय माझं, आणि विम्यासाठी मला एक दाखला हवाय. आजार काय, कधीपासून, गोळ्या कुठल्या. पण पाटील नावानं नको. मी पाटील नाही.”

“माहितेय की.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.” त्यांनी कपाटातनं माझी फाइल काढली, अगदी खालचा पिवळा कागद ओढला आणि माझ्यापुढं फिरवला. संमतीच्या रकान्यात आण्णांची सही होती. म्हणजे ‘बा. आ. मगदू’ एवढं लिहून झालं होतं, मग त्यावर तीन वेळा काट मारून शेजारी ‘पाटील’. “खोटं बोलायला सराव लागतो बघ. तुझ्या वडलांना नव्हता. दहा वर्षं मी म्हणतोय, सांगतील कधीतरी आपण होऊन.”

त्यांनी दाखला लिहिला, खऱ्या नावानं. त्या पिवळ्या कागदाची झेरॉक्स जोडली आणि ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असं लिहून सही ठोकली. मग टेबलातनं एक छापील कागद काढला. “हा तुझ्यासाठी नाही. तुझ्याबरोबर राहतात त्यांच्यासाठी. लग्न ठरतंय म्हणालीस ना? त्यांना पण एक दे. फिट एवढी वाईट नसते बाई. बाजूला उभ्या माणसाला काहीच ठाऊक नसणं, ते वाईट.”

घरी आल्यावर दाखला मी पर्समध्येच ठेवला. छापील कागद मात्र शिलाई मशीनवर ठेवला, आईला दिसेल असा. बुधवारी कामावरून आले तर आई चष्मा लावून एकेक शब्द जुळवत तो वाचत होती. मला बघून तिनं कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि विचारलं, “दोडका करू का भेंडी?” बस. दोन दिवस दुसरं काही बोलली नाही. आण्णा तर असेही बोलत नसत. आमच्या घरात तेवढे दोन दिवस एकटा मिक्सर बोलत होता.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मामा आले. आण्णांची पहिली पाळी होती, तेही नुकतेच आलेले. मामांनी थैली मांडीवर घेतली. “झाला का फॉर्म भरून?”

मी पुढं ठेवला. मामांनी वरून खाली बोट फिरवलं. सहाव्या ओळीवर बोट थांबलं. तिथं मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हो’. पुढं तारीख, गोळ्यांची नावं, डॉक्टरांचं नाव.

“ही काय चेष्टा?”

“चेष्टा नाही, मामा. मला फिट येतात. दहा वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत.”

हे वाक्य आमच्या घरात तोवर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर छत काही खाली आलं नाही. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला.

मामांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी जमिनीकडं. मामा हुशार माणूस. एका दमात त्यांनी सगळा जमाखर्च मांडला असणार. आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ पोरी. मी ऐकलं नाही असं समज. नवा फॉर्म देतो. ‘नाही’ लिहिलं की चार दिवसांत पॉलिसी घरात. ‘हो’ लिहिलं की फॉर्म पुण्याला जातो, पुण्यासनं मुंबईला, तिथला डॉक्टर शंका काढतो, हप्ता वाढवतो. वर दानोळ्यांच्या कानावर गेलं तर? माझं तोंड बंद राहील. पण कागदाचं तोंड कोण बंद करणार?”

“आणि उद्या खरंच दवाखान्यात पडले तर?”

“तवाचं तवा बघू.”

“तेव्हाचं तेव्हा मी बघते, मामा. रोज. काचेच्या आतून.” मी त्यांच्या अगदी समोर बसले. “फेब्रुवारीत एक किराणावाले आले होते आमच्याकडं. मार्केट यार्डाजवळ दुकान. पाय चिघळलेला. त्यांच्या फॉर्मवर ‘शुगर? नाही’ कुणी लिहिलं होतं?”

मामांनी थैलीचा बंद उगाचच सोडला आणि पुन्हा बांधला.

“शिक्का मी वाचलाय,” मी म्हटलं. “कुणाला बोलले नाही. त्यांच्या मुलीलाही नाही, आणि तेच चुकलं माझं. त्यांचा पाय गुडघ्याखाली काढला. दुकान विकून.”

“मी त्यांच्या भल्यासाठीच–” मामांनी थैली खाली ठेवली. “सगळेच तसं लिहितात गं.”

“म्हणून तर माझी खिडकी कधी रिकामी नसते.”

इतका वेळ आई चौकटीला टेकून उभी होती. आता ती पुढं आली. मला वाटलं, मला झापणार. पण ती मामांशी बोलली, अगदी घरगुती आवाजात.

“दादा, दानोळ्यांच्यात स्वयंपाक कोण करतं?”

मामांना हायसं वाटलं. स्थळाचा कप्पा उघडला होता. “आता सासू करते. पण ही दोघं राहणार साताऱ्याला. राजाराणीचा संसार. सासूचा जाच नाही, नणंद नाही.”

“मुलाची पाळी असती?”

“असती की. पण पगार–”

“म्हणजे रातपाळीला ही एकटीच. आणि दिवसा गॅसपाशी एकटीच.”

“एकटी म्हणजे काय अक्का, शेजारीपाजारी–”

“शेजाऱ्यांना काय ठाऊक असणार?” आई म्हणाली. “नवऱ्यालाच ठाऊक नसणार.”

ती मशीनपाशी गेली. खालचा खण ओढला, रिळं बाजूला सारली आणि कापडाची गुंडाळी काढली. आम्ही तिघं बघत असताना तिनं ती सोडली. लाल, टणक कांदा. परवाच बदललेला असावा. तो तिनं मामांच्या तळहातावर ठेवला. आमच्या दिवाणखान्यात, भर चातुर्मासात, उजेडात.

“चार वर्षांपूर्वी बघितला होता ना तुम्ही? बस्तीत सांगितलंत. मी ऐकून घेतलं. हा खायचा नाही, दादा. ही पडली की हिच्या नाकाशी धरायचा. त्याच्यासाठी ठेवलेला.” तिनं ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढला आणि कांद्यावर ठेवला. “कांद्यानं काही होत नाही, असं यात लिहिलंय. कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही, जवळ बसून राहायचं. एवढंच. मला हे दहा वर्षं कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. दोन्ही घेऊन जा. दानोळ्यांच्या आईला द्या, आणि कशासाठी ते सांगा. चालत असंल तर रविवारी या म्हणावं. पोहे करते.”

मामा हातातल्या कांद्याकडं असे बघत होते, की जणू तो मोठ्यानं काही बोलणार आहे.

“सुगंधे,” आण्णा म्हणाले. पहिल्यांदाच तोंड उघडलं. “गावात राहायचंय आपल्याला.”

“राहूया की. इतकी वर्षं काय राहत होतो? लपत होतो.”

मग मी पर्समधून दाखला काढून आण्णांपुढं ठेवला. मुद्दामच झेरॉक्स वर ठेवली होती. अर्धी सही, तीन काटा, पाटील. आण्णांनी ती उचलून डोळ्यांजवळ धरली. ज्या माणसानं तीस वर्षांत एकही भोक पडलेलं कास्टिंग सोडलं नाही, तो स्वतःच्याच अक्षरावर बोट फिरवत बसला होता. अंगठ्यानं त्या काटा पुसता येतात का, असं बघत असल्यासारखा.

“डॉक्टरांना ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“काही बोलले नाहीत कधी.”

“तुमची वाट बघत होते म्हणाले.”

आण्णांनी हात पुढं केला. “चौगुले, पेन.”

मामांचा एक हात कांद्यात अडकलेला. दुसऱ्यानं त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. आण्णांनी सही केली. रोजची आखूड नाही. ‘बाळगोंडा आदगोंडा मगदूम’, सगळी अक्षरं सुटी, मात्रा-वेलांट्यांसकट, शाळेतल्या पोरासारखी.

शनिवारी सकाळी फॉर्म घेऊन ते स्वतःच वेल्फेअर ऑफिसात गेले. मीही बरोबर होते. देसाईंनी कागद वाचला, सहाव्या ओळीशी थांबले, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. आण्णा म्हणाले, “वाचून झालं असंल तर शिक्का मारा. मला शॉपवर जायचंय.”

शिक्का दोनदा मारावा लागला. पहिल्याला शाई लागली नव्हती.

फॉर्म खरंच पुण्याला गेला, पुण्यासनं मुंबईला. तिथल्या डॉक्टरनं शंका काढली. हप्ता वाढवला. मी कुरकुरले आणि भरला, माझ्या पगारातनं. दीड महिन्यानं पाकीट आलं. आत माझं नाव छापलेलं, कुणाची मुलगी, कुणाची बायको असं काही पुढं-मागं नसलेलं, आणि खाली आजाराच्या रकान्यात जे होतं ते. आईनं पाकीट कुठं ठेवू म्हणून विचारलं. मी म्हटलं, मशीनच्या खणात. तिथं आता जागा झालीय.

दानोळ्यांचा निरोप मात्र आठवड्यातच आला होता. मुलाच्या पत्रिकेत मंगळ निघाला. महिन्यापूर्वी पत्रिका जुळवली तेव्हा तो मंगळ कुठं फिरायला गेला होता कोण जाणे. स्थळ परत आलं. कांदा काही आला नाही. मामांना मी विचारलंही. ते मिशीत हसले. “दानोळ्यांच्या घरात गेला तो गेला. त्यांच्यात रोजच लागतो म्हणं.”

त्यानंतर मामांकडनं विमा काढणारी माणसं तक्रार करायला लागली की चौगुले फार चौकशा करतात. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचतात, आणि उत्तर येईपर्यंत पेन टेकवत नाहीत. थैलीला कप्पे दोनच राहिले, पण मी ऐकलं की आता या कप्प्यातला कागद कधीकधी त्या कप्प्यात दाखवतात. त्यानं त्यांची काही लग्नं मोडली. काही टिकली असतील.

त्याच विम्यावर मला पहिल्यांदा दाखल करायची वेळ आली ती अडीच वर्षांनी. गोळ्या बदलत होतो, तेवढ्यात फिटनं गाठलं. दवाखान्याच्या पायरीवरच पडले, आमच्याच. मनगटाचं हाड मोडलं, कपाळाला टाके. माझ्याच खिडकीवर बसणाऱ्या नव्या मुलीनं माझे कागद पाठवले, आणि संध्याकाळच्या आत मंजुरी आली. कंपनीला विचारायला काही उरलंच नव्हतं. सगळं आधीच सांगून झालं होतं.

पण मला आठवतं ते वेगळंच. पडल्यावर तासाभरानं मला एक्स-रेला नेत होते. बाहेर बाकांवर भेटीच्या वेळेची गर्दी, त्यात बस्तीतल्या दोघीतिघी, भज्यांची चौकशी करणारीसुद्धा. नर्सनं दारातनं बाहेर बघून हाक मारली, दवाखान्यात मारतात तशी, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

“त्रिशला मगदूम! फिटचा पेशंट! बरोबर कोण आहे?”

मी स्ट्रेचरवर, वर बघत. मग बाक सरकल्याचा आवाज आला.

“मी! मी तिची आई. आमचीच आहे ती,” आई म्हणाली. “जरा वाट द्या बघू सगळ्यांनी.”

माझ्या आईचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.